नव्वदच्या आत

रविवार, २९ जानेवारी २००६

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज काय खाल्लं ते वहीत लिहा. दोनशे पानी वही आणली. आज सकाळपासूनचं खरं खरं लिहायला बसले आणि लक्षात आलं की असंच चाललं तर ही वही होळीपर्यंतसुद्धा पुरायची नाही. म्हणून खाण्याबरोबर बाकीचंही लिहायचं ठरवलं, म्हणजे वाचणाऱ्याचं लक्ष जरा दुसरीकडे जाईल. वाचणारी मीच आहे, पण तरी.

आज पोट लहान करायच्या ऑपरेशनच्या आधीचं वजन केलं. ह्यांचा काटे दुरुस्तीचा धंदा. वाण्यांचे, कोळणींचे, भंगारवाल्यांचे, कारखान्यांतले, सगळ्या वसईचे काटे वालीवच्या आमच्या गाळ्यात येऊन ह्यांच्या हाताखालून जातात. कोपऱ्यात एक लोखंडी पाटाचा, लाल आकड्यांचा मोठा काटा आहे. तो विकायचा नाही, घरचा आहे. मी त्यावर चढणार तेवढ्यात हे म्हणाले, "थांब." मग वीस-वीस किलोची पाच लोखंडी वजनं एकेक करून पाटावर चढवली. आकडा आला बरोबर शंभर. वजनं उतरवली, पाट फडक्याने पुसला आणि म्हणाले, "आता ये." बावीस वर्षांत ह्या माणसाने एक ग्रॅम चुकीचा काटा बाहेर सोडलेला नाही. बायकोसाठी तरी नियम कशाला मोडतील?

एकशेअठरा किलो चारशे ग्रॅम. हे आकड्याकडे बघत म्हणाले, "काटा चांगला आहे."

आता प्रतिज्ञेबद्दल लिहून ठेवते, म्हणजे पुढे माघार नको. १९९८ साली जूचंद्रला चंडिकादेवीच्या दर्शनाला आम्ही स्कूटरवरून गेलो होतो. शेवटच्या चढावर मागचा शॉकअप काड्कन तुटला आणि मैदानात क्रिकेट खेळणाऱ्या दोन्ही टीमनी टाळ्या वाजवल्या. हे घरी येऊन हिशोब करत बसले, म्हणाले, "मी सहासष्ट. मागे नव्वदपर्यंत चालेल." मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, नव्वदच्या आत आल्याशिवाय ह्या स्कूटरवर बसणार नाही! तेव्हापासून आठ वर्षं आम्ही लग्नकार्यांना असे जातो: पुढे रिक्षात मी, मागे स्कूटरवर हे. लोकांना वाटतं मला सरकारी संरक्षण आहे.

मला परत त्या स्कूटरवर बसायचंय. बाकी गुडघे, साखर, रक्तदाब हे सगळं डॉक्टरांना सांगायला ठीक आहे.

बुधवार, ८ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. आज निरोप समारंभ. नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी, दुपारी पुरणपोळी (दोन, तिसरी लिहायची की नाही हा विचार करतेय), संध्याकाळी बटाटावडा. प्रत्येकाला मनात "येते हं" म्हटलं. उन्नती कॉलेजमधून आली आणि म्हणाली, "आई, तू काय युद्धावर चाललीयेस का?" मी म्हटलं, हो.

रविवार, १२ फेब्रुवारी

जिवंत आहे. जठराच्या वरच्या तोंडाशी एक पट्टी बसवलीय. म्हणजे वर एक एवढीशी वाटी आणि खाली उरलेलं रिकामं पोट. पट्टीची नळी कातडीखाली बटणाएवढ्या डबीला जोडलीय. डबीत सुईने पाणी भरलं की पट्टी आवळते, काढलं की सैल होते. हे डॉक्टरांना म्हणाले, "म्हणजे कॅलिब्रेशन." डॉक्टर खूश झाले. मग दोघं अर्धा तास नटबोल्टांवर बोलावं तसे माझ्या पोटावर बोलले.

शाळेत पित्ताशयात खडे होते असं सांगितलंय. खरं फक्त एमिलीला माहीत आहे. ती सहावी अ ला मराठी शिकवते, मी पाचवी ब ला गणित, आणि मधल्या सुट्टीतला डबा गेली चौदा वर्षं एकत्र. तिला न सांगून कसं चालेल?

रविवार, २६ फेब्रुवारी

एकशेदहा किलो नऊशे! फक्त पातळ खाऊन. ताक, वरणाचं पाणी, पेज. वर्गात पोरं "बाई, खडे दाखवा" म्हणून मागे लागली होती. मी मैदानातले दोन उचलून दाखवले. आत्तापर्यंतचा सगळ्यात यशस्वी तास.

शनिवार, २५ मार्च

डॉक्टरांकडे पहिल्यांदा पट्टी आवळली. सुई टोचली, पाणी गेलं, झालं. त्यांच्या दवाखान्याच्या काट्यावर एकशेसहा आठशे, काल आपल्या काट्यावरही तेच. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बरा दिसतोय त्यांचा काटा." ह्यांच्या तोंडून ही फार मोठी तारीफ आहे.

रविवार, १६ एप्रिल

ईस्टर. एमिलीच्या गावच्या घरी जेवायला. वाडीत केळी, मागे विहीर, माणसं चाळीस. मी आधीच बजावलं होतं की मला अर्धी वाटी. पण एमिलीच्या सासूबाई, कॅथरिनबाई, ह्यांना अर्धी वाटी हा शब्दच माहीत नाही. "खा गो पोरी, येवढ्याशानं काय होतंय? खड्यांचं आपरेशन झालं ना, मंग भरून काढाय नको?" असं म्हणत त्यांनी माझ्या ताटात गरम फुगे टाकले. गोल, तळलेले, मऊ, आत नुसती हवा. हवाच आहे, म्हटलं, हवेला काय होतं? एक खाल्ला.

तो खाली उतरेचना. छातीच्या मध्ये बसून राहिला. डोळ्यांतून पाणी, तोंडात लाळ, मी विहिरीकडे पळाले. कॅथरिनबाई मागून ओरडल्या, "पोरगी विहिरीवर पळाली, तिला कोनी बोललं काय?" आणि चाळीस माणसं हातातलं ताट ठेवून माझ्यामागे! एमिलीने त्यांना रोखून धरलं, मी केळीच्या आडोशाला तो फुगा परत केला. बाहेर आले तर कॅथरिनबाईंनी मला मिठी मारली आणि हळूच विचारलं, "कितवा महिना?"

चव्वेचाळिसाव्या वर्षी! घरी येईपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता.

रविवार, ३० एप्रिल

एकशेतीन नऊशे. आता जरा हळू उतरतंय. पण एक शोध लागलाय. आंब्याचा रस ह्या पट्टीतून अगदी सुळ्ळकन जातो! पोळी अडकते, भात अडकतो, पाव तर शत्रूच, पण रसाला कुठेच अडवणूक नाही. आणि डॉक्टरांनी पातळ पदार्थ चालतील असं स्वतः सांगितलंय. देवालाच माझी दया आली. सकाळी दोन वाट्या, दुपारी दोन, रात्री एक, वर थोडं तूप.

रविवार, ७ मे

एकशेचार सहाशे.

वाढलं. सातशे ग्रॅम वाढलं. पोटात पट्टी घालून, अर्धी वाटी भात तीस-तीस वेळा चावून, तीन महिने पेज पिऊन. हे म्हणाले, "रस जरा कमी..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. पाटावरून उतरले आणि गाळ्यातच रडायला लागले. म्हटलं, मी उद्या डॉक्टरांना फोन करते, पट्टी काढून टाका म्हणते. मला नाही जमणार हे. मी अशीच राहणार, रिक्षात, मरेपर्यंत. परत ह्या काट्यावर चढणार नाही.

ह्यांना अशा वेळी बोलता येतच नाही. पकड हातात घेऊन नुसते उभे होते. रात्री मी रस खाल्ला नाही, रागाने. मग खाल्ला, दुःखाने.

रविवार, १४ मे

एकशेदोन दोनशे!!

मी जाणारच नव्हते. ह्यांनी आठवडाभर गोड बोलून नेलं. "एकदाच चढ, मग तुझी मर्जी." आज पाच वजनांचं नाटकही केलं नाही, म्हणाले, "सकाळीच तपासलाय." मी डोळे मिटून चढले, उघडले तर एकशेदोन दोनशे. एका आठवड्यात दोन किलो चारशे! मी गाळ्यात टाळ्या वाजवल्या. हे चष्मा पुसत होते, पुसतच राहिले. त्यांना आनंद झाला की ते असे कुठेतरी भलतीकडे बघतात.

म्हणजे रसाचा काही संबंध नव्हताच. घरी जाऊन वाटीभर खाल्ला.

रविवार, २८ मे

नव्व्याण्णव चारशे! शंभराच्या आत! २००० सालानंतर पहिल्यांदा माझं वजन दोन आकड्यांत आलं. उन्नतीला मिठी मारून गोल फिरवलं. ती म्हणाली, "आई, सोड, चक्कर येते. आणि एक सांगू? काट्यावर तू चढतेस आणि टेन्शनमध्ये बाबा असतो." मी म्हटलं, प्रेम म्हणतात त्याला, शिकून घे.

परकराची नाडी मात्र अजून जुन्याच गाठीवर बसतेय. वजन आधी हाडांतून जात असणार.

सोमवार, १२ जून

शाळा सुरू. एमिलीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "चेहरा चमकतोय गं तुझा. बाकी..." मी म्हटलं, बाकी काय? "बाकी येईल." तिला आकडा सांगितला तर बघतच राहिली. मग म्हणाली, "शहाण्णव? मग आता थांबू नकोस. सकाळी तळ्यापर्यंत चालायला येणार का?" येणार म्हणजे काय! शहाण्णव किलोच्या बाईला चालायला काय झालं? उद्या सकाळी सहा वाजता.

रस संपला. बाजारातले हापूस संपले म्हणून. मला त्याचं काही वाटलं नाही ह्याचंच नवल वाटलं.

शनिवार, १७ जून

आज डॉक्टरांकडे फार मजा आली. त्यांच्या काट्यावर चढले तर शंभर सहाशे! आपल्याकडे चौऱ्याण्णवच्या घरात आहे. मी नर्सला म्हटलं, बाई, तुमचा काटा बिघडलाय. डॉक्टर आत आले, म्हणाले, "काटा ठीक आहे, तुम्ही गोड पातळ काही घेता का?" मी रसाची हकीकत सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, पट्टी घास अडवते, साखर अडवत नाही. पुढच्या मोसमात एक फोड, चावून.

ते ठीक. पण काट्याबद्दल मी त्यांचं ऐकून घेतलं नाही. अहो, बावीस वर्षं काटेवाल्याच्या घरात आहे. त्यांना सरळ विचारलं, "ह्याला शेवटचं कधी तपासलं? माझ्या मिस्टरांकडे पाठवून द्या. एका दिवसात दुरुस्त करतील." डॉक्टर हसले, म्हणाले, "अवश्य पाठवू."

घरी येऊन ऐटीत सांगितलं. हे चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. कानापर्यंत लाल झाले. इतका विनय बरा नाही माणसाच्या अंगी.

गुरुवार, ६ जुलै

आता नव्वदला फक्त काही शे ग्रॅम उरलेत आणि घरात लग्न असल्यासारखं वाटतंय. रोज तळ्यापर्यंत दोन फेऱ्या. एमिली दमते, मी नाही.

ह्यांचं काय चाललंय कळत नाही. गेल्या आठवड्यात स्कूटर मेकॅनिककडे टाकली, "पावसाळ्यात बघून घेतलेली बरी." आज पहाटे साडेपाचला स्कूटर घेऊन गाळ्यावर गेले, अर्जंट काम म्हणे. साडेसातला परतले ते घामाघूम, गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टाला गंजाचे डाग आणि चेहरा परीक्षेत पास झाल्यासारखा. विचारलं तर म्हणाले, "जड काम होतं. झालं." आंघोळ करून तीन पोळ्या खाल्ल्या.

रविवार, ९ जुलै

एकोणनव्वद किलो आठशे ग्रॅम.

एकोणनव्वद किलो आठशे ग्रॅम!

पाटावरून उतरले ती थेट बाहेर, स्कूटरपाशी. हे म्हणाले, "आत्ता?" मी म्हटलं, आठ वर्षं झाली, आत्ता नाही तर काय मुहूर्त काढायचा? "कुठे जायचं?" जूचंद्रला! त्याच चढावर!

बसले. स्कूटर जराशी दबली आणि उभी राहिली. काही तुटलं नाही. किक, धूर आणि निघालो. वालीव नाका गेला, हायवे गेला. अंगावर वारा! रिक्षात वारा दोन्ही बाजूंनी येतो, स्कूटरवर समोरून येतो आणि मध्ये नवऱ्याची पाठ असते. ह्यांच्या मानेवर एक तीळ आहे तो मी विसरूनच गेले होते. जूचंद्रच्या चढावर मी श्वास रोखून धरला, जसं काही त्याने वजन कमी होणार होतं. स्कूटर गुरगुरत वर चढली. मैदानात पाऊस उघडला म्हणून कोणीतरी क्रिकेट खेळतच होतं. मी हात हलवला! त्यांना काय कळणार, ही आठ वर्षांपूर्वीच्या पोरांची पुढची पिढी. पण एकाने हात हलवला.

देवीसमोर हे कितीतरी वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि पुटपुटत होते. एवढे देवभोळे कधीपासून झाले? मी विचारलं, काय मागितलंत? म्हणाले, "माफी." मी म्हटलं, कसली? म्हणाले, "अशीच. मागून ठेवावी."

सीटवर कसलासा गंज लागला होता, नवी आबोली साडी मागून खराब झाली. जाऊ दे. ही साडी मी धुणार नाही.

रविवार, २० ऑगस्ट

काटा हटून बसलाय. नव्वदच्या आत आल्यापासून सहा आठवडे झाले, आकडा एकोणनव्वद सात, एकोणनव्वद आठ, एकोणनव्वद सात. इकडे मी चालते, चावते, रस नाही, बासुंदी नाही, डॉक्टर खूश. ब्लाऊज दोन्ही बाजूंनी आत घेतले. बांगड्या हात वर केला की कोपरापर्यंत जातात. काल फळ्यावर भागाकार करताना अंगठी बोटातून निसटून खडूच्या डब्यात पडली आणि पाचवी ब ने एक तास शोधली. तरी आकडा जागचा हलत नाही! परकराची नाडी पाच बोटं पुढे गेली आणि वजन तेवढंच? मे महिन्यात वजन उतरत होतं तेव्हा नाडी हलत नव्हती, आता नाडी हलते तर वजन हलत नाही. मी गणित शिकवते पण हे गणित सुटत नाही.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "थोडा धीर धर. दोन्ही एका जागी येतील." कोण दोन्ही?

शनिवार, २३ सप्टेंबर

डॉक्टरांच्या काट्यावर ब्याण्णव. आपल्याकडे एकोणनव्वद सहा. जूनमध्ये केवढा फरक होता, आता दोन-अडीच किलोच. मी डॉक्टरांना म्हटलं, तुमचा काटा आपोआप सुधारत चाललाय. त्यांनी तो खरोखरच कापडात बांधून माझ्या हातात दिला. "घेऊन जा. तुमच्या मिस्टरांनी सांगितलं की मी मान्य करीन." दवाखान्यात दुसरा आहे म्हणे. मी तो रिक्षात मांडीवर घेऊन गोखिवऱ्याला घरी आले. हे त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू घरी पोलीस आला. "बघतो," म्हणाले.

रविवार, १ ऑक्टोबर

डॉक्टरांचा काटा अजून "बघतो"मध्येच आहे. उद्या दसरा. गाळ्यात सगळ्या काट्यांची पूजा असते. झेंडूचे अकरा हार स्वतः ओवले, ह्या वर्षी जमिनीवर मांडी घालून बसून! गेल्या वर्षी स्टुलावर बसले होते.

सोमवार, २ ऑक्टोबर, दसरा

काय लिहू?

सकाळी गाळ्यावर गेलो. ह्यांनी सगळे काटे पुसून ओळीने मांडले, वजनांना हळदकुंकू लावलं. मी एकेकाला हार घालत गेले. कोळणींच्या तराजूला, वाण्याच्या काट्याला. डॉक्टरांच्या पाहुण्या काट्यालाही घातला. मग घरच्या काट्याशी आले. हार पुढे केला आणि ह्यांनी माझा हात धरला.

"त्याला नको."

मी म्हटलं, का? हाच तर आपला.

"त्याला नको, मनू. तो खोटा आहे."

मला कळेना. हे खाली बघत होते. मग म्हणाले, "मी केलाय. मेपासून. खोट्या काट्याला हार नाही घालता येणार मला. एवढं नाही जमणार."

मी वीस किलोचं वजन उचललं (हो, उचललं!) आणि घरच्या काट्यावर ठेवलं. एकोणीस सहाशे. डॉक्टरांच्या काट्यावर ठेवलं, हार बाजूला करून. वीस. मग मी त्यावर उभी राहिले. एक्क्याण्णव किलो तीनशे ग्रॅम.

मी विचारलं, "जुलैमध्ये किती होते?"

"साडेसत्त्याण्णव."

"आणि त्या चढावर..."

"तुटणार नव्हतं."

"कशावरून? देवीने सांगितलं?"

हे म्हणाले, "नवे शॉकअप टाकले होते, जाडे. आणि तीन दिवस आधी पाचही वजनं मागच्या सीटवर दोरीने बांधून मी पहाटे तो चढ चढून आलो होतो. शंभर किलो. दोनदा. एकदा घसरलो, पण ते चिखलाने. तुला बसवायच्या आधी तपासायला नको?"

मी रडले की ओरडले आठवत नाही. बहुतेक दोन्ही. म्हटलं, मला काय गिऱ्हाईक समजलात? सगळ्या वसईला खरं वजन आणि बायकोला खोटं? मी डॉक्टरांच्या तोंडावर त्यांचा काटा बिघडलाय म्हणाले! हे म्हणाले, "सात मेला तू पट्टी काढते म्हणालीस. मी घाबरलो. मला बोलता येत नाही, मला काटा तेवढा फिरवता येतो. मग तू खरंच उतरायला लागलीस, तर मीही एकेक पाऊल परत फिरवत होतो. अजून पंधरा दिवस मिळाले असते तर गाठलं असतं. पण मध्ये दसरा आला."

मी रिक्षाने घरी आले. मागे वळून पाहिलं नाही. स्कूटरचा आवाज मात्र घरापर्यंत येत होता.

खाल्लं: काही नाही. सोनं द्यायला शेजारी आले त्यांना पेढे दिले.

बुधवार, ४ ऑक्टोबर

अबोला. तळ्यावर एमिलीला सगळं सांगितलं. वाटलं ती म्हणेल, बरोबर आहे तुझा राग. ती मधेच थांबली आणि विचारलं, "पाच वजनं? सीटवर? त्या चढावर?" मग तिथल्या कट्ट्यावर बसून हसायला लागली. "माझा निकोलस मला चर्चपर्यंत सोडायला निघाला तर आधी पेट्रोल बघतो. नवरा आहे काय गं तुझा!"

मला हसायचं नव्हतं. पण डोळ्यांसमोर ते दृश्य आलं. पहाटेचा अंधार, चिखल, दोरीने बांधलेली पाच लोखंडी वजनं आणि पुढे सहासष्ट किलोचा हा माणूस, चढ चढतोय, घसरतोय, वजनं परत बांधतोय. माझ्या जागी बसवून त्यांना जपून नेतोय. मी कट्ट्यावर एमिलीशेजारी बसले आणि पोट धरून हसले. पट्टीला त्रास झाला असेल, होऊ दे.

आबोली साडी कपाटातून काढून पाहिली. गंजाचा डाग गोल आहे.

रविवार, ८ ऑक्टोबर

सकाळी मीच म्हटलं, "अहो, गाळ्यावर चला." पिशवीत ताजा हार घेतला.

ह्यांनी माझ्यासमोर घरचा काटा उघडला, आकडे जुळवले, पाच वजनं चढवली. शंभर. मी परत उतरवायला लावली, परत चढवायला लावली. परत शंभर. वर सील मारायला लावलं. मग पाट फडक्याने पुसून म्हणाले, "आता ये." जानेवारीत म्हणाले होते तसंच. फक्त आवाज जरा बसलेला होता.

चपला काढल्या, बांगड्या काढल्या, चढले.

नव्वद किलो चारशे.

आकडा लाल, स्थिर. चारशे ग्रॅम जास्त. हे पुढे झाले, म्हणाले, "साडीच असते चार-पाचशे ग्रॅमची. शिवाय मंगळसूत्र..." मी म्हटलं, नव्वद चारशे. वहीत तेच लिहिणार. आणि काट्याला हार घातला.

बाहेर हे रिक्षाला हात करायला लागले. प्रतिज्ञा माझी, त्यांनीच पाळायची! मी स्कूटरपाशी जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "अजून आत नाहीस तू नव्वदच्या." मी म्हटलं, "शंभरची चाचणी झालेली आहे ना? दोनदा?"

बसले.

खाल्लं: अर्धी वाटी वरणभात, तीस वेळा चावून. संध्याकाळी एमिलीच्या वाडीतल्या केळ्याचं उन्हात वाळवलेलं एक सुकेळं, दोघांत.